दगडावर कुणाचं नाव

(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात रेशनवर बोलून झालं, मारहाणीच्या केसेसवर बोलून झालं. आता जेवणानंतर ही बाई दगडांवर काय बोलणार, असं काही जणींच्या चेहऱ्यावर दिसतंय. एखादीला डुलकी लागली तर लागू द्या, मी रागावणार नाही.

दगड म्हणजे कुठले, ते आधी सांगते. वेशीतला शेंदूर फासलेला सतीचा दगड, हुतात्मा स्मारकावरचा नावांचा फलक, धरणाची कोनशिला, चौकातला पुतळा, शाळेच्या वर्गाबाहेर लावलेली देणगीदाराची फरशी. गावाने आणि सरकारने जे लक्षात ठेवायचं ठरवलं, ते दगडावर येतं. कामानिमित्त तालुक्यातालुक्यात हिंडताना मी अशा ठिकाणी थांबून नावं उतरवून घ्यायला लागले. वहीच्या पानाचे दोन भाग केले, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. बायांची बाजू किती भरली हे तुम्हाला सांगायला नको. ते अपेक्षितच होतं. पण मला पुढचा प्रश्न पडला. जिथे बाई दगडावर आहे, तिथे ती कशासाठी आहे?

सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करू. मराठवाड्यात पडक्या देवळांच्या आवारात, पाराजवळ, शेताच्या बांधावर वीरगळ आणि सतीशिळा सापडतात. आपल्याकडे लोक सगळ्यांनाच 'देव' म्हणतात आणि तेल वाहतात. पण ते वाचता येतात. वीरगळ वाचायला तर अगदी सोपा. खालच्या चौकटीत लढाई, किंवा गाई राखताना मेला असेल तर गाई. मधल्या चौकटीत मेलेल्या वीराला अप्सरा वर घेऊन चालल्यात. सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीसमोर हात जोडून बसलाय. म्हणजे वीरगळावर बाई आहे, पण ती बक्षीस म्हणून.

सतीशिळा पाहिली आहे ना? एक खांब, खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला हात. पंजा वर, मनगटात चुडा. वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे हे दोघे आकाशात आहेत तोवर तुझी कीर्ती राहील. काही शिळांवर खाली नवराबायकोची जोडी असते. बहुतेकींवर अक्षर एकही नसतं. चंद्रसूर्य असेतो जिची कीर्ती राहायची, तिचं नाव लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही. तिचा हात राहिला, तोही हात म्हणून नाही, चुडा दाखवायला. नवरा मेला तरी चुडा फुटला नाही, एवढंच त्या दगडाला सांगायचं आहे.

आणि आजही त्या दगडाची ओटी भरतात. ओटी भरणाऱ्या बाईला मी हसणार नाही, तिला तिथे कुणीतरी आपलं ऐकणारं आहे असं वाटतं. पण एवढं बघा की ज्या बाईचा नवरा गेला आहे तिला तिथे हळदीकुंकवाला जागा नसते. म्हणजे दगड हजार-आठशे वर्षांचा असला तरी त्याचं काम संपलेलं नाही. राजस्थानात देवराळ्याला ४ सप्टेंबर १९८७ रोजी रूपकंवर जळाली, तेव्हा लाखांनी माणसं तिथे लोटली. त्यानंतर केंद्र सरकारने सतीचं उदात्तीकरण हाच गुन्हा ठरवणारा कायदा केला. तुमच्यातल्या ज्या वयाने मोठ्या आहेत, त्यांना तेव्हाचे मोर्चे आठवत असतील.

आणखी एका दगडाची ओळख करून देते. आपल्याकडे कमी, कोकणात आणि पश्चिमेकडे जास्त सापडतो. त्याला गधेगाळ म्हणतात. राजाने जमीन दान दिली, की हे दान मोडेल त्याच्यासाठी शाप कोरायचा. शाप काय, तर दान मोडणाऱ्याच्या आईवर गाढव चढेल. आणि वाचता न येणाऱ्यांना कळावं म्हणून खाली चित्रही कोरायचं. परळचा शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातला, बाराव्या शतकातला असा लेख मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. मराठी भाषेच्या जुन्या नमुन्यांत त्याचा अभिमानाने उल्लेख होतो, त्यातली शापाची ओळच मराठीत आहे म्हणून. जमीन पुरुषाची, दान पुरुषाचं, मोडणारा पुरुष, आणि शिक्षा त्याच्या आईच्या अंगाला. नाक्यावरच्या भांडणात आजही हीच शिवी असते. फक्त तिथे ती राजाज्ञा नसते.

आता आपल्या गंगाखेडला या. जनाबाईचं गाव. बाप दमा, आई करुंड, असं परंपरा सांगते. लहानपणीच तिला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला ठेवलं आणि ती नामदेवांची दासी म्हणून ओळखली गेली. आपल्या अभंगात ती स्वतःला दासी जनी म्हणवते. गंगाखेडला गोदावरीकाठी तिचं मंदिर आहे, पण मला जास्त मोलाची वाटते ती पंढरपूरजवळ गोपाळपूरला दाखवतात ती खूण. तिचं जातं. ते जातं खरोखर तिचंच का, यात मी पडत नाही. सांगायचं इतकंच, की मी पाहिलेल्या सगळ्या दगडांत बाईच्या कामाची खूण असलेला दगड हा एकच. दळण, कांडण, शेणी वेचणं, झाडलोट हे तिने स्वतः तोंडाने सांगितलं, म्हणून ते राहिलं. तिच्या आईबद्दल कुणी सांगितलं नाही, म्हणून ती फक्त नावापुरती राहिली. परभणी हे नावही प्रभावती देवीवरून, प्रभावतीनगरीवरून आलं असं म्हणतात. गावाला बाईचं नाव द्यायला आपली कधीच ना नव्हती, ती देवी असली म्हणजे झालं.

अंग्रेजांच्या आणि निजामाच्या खुणांवर फार वेळ घालवत नाही. आपण थेट इंग्रजी राज्यात नव्हतो, हैदराबाद संस्थानात होतो. पण रेझिडेंट हैदराबादेत होता, फौज त्यांची होती, आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून आपल्या मुलखातून सिकंदराबादकडे गेलेली मीटर गेज रेल्वे निजामाच्या नावाची असली तरी चालवणारे गोरेच होते. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. तिथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणी गेली, पण मोहल्ल्यांची नावं राहिली. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. पायदळ, घोडदळ, तोफा, निवृत्त शिपाई, सगळ्यांच्या नावाने एकेक वस्ती. एवढ्या मोठ्या छावणीत दळणारणी होत्या, धोबिणी होत्या, दाया होत्या, आया होत्या, बाजारात बसवलेल्या बाया होत्या. त्यांच्या नावाचा मोहल्ला नाही.

ब्रिटिश मुलखातल्या छावण्यांत मात्र बायांची नावं व्यवस्थित लिहून ठेवायची पद्धत होती, हेही सांगितलं पाहिजे. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा संसर्गजन्य रोगांचा कायदा यांनी गोऱ्या सोल्जरांसाठी ठेवलेल्या बायांची रजिस्टरं केली. नाव नोंदवायचं, ठरल्या दिवशी तपासणीला यायचं, रोग निघाला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडायचं. सोल्जरची तपासणी सक्तीची नाही. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर आणि तिच्या सोबतिणींनी या कायद्यांविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. इथला कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. पण छावण्यांतला व्यवहार थांबला नाही, आणि १८९१-९२ मध्ये एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉ. कॅथरीन बुशनेल या दोन अमेरिकन बायांनी इथे येऊन, छावण्या हिंडून, त्या बायांशी बोलून तो उघडकीला आणला. हे मुद्दाम सांगितलं. कारण आपल्याला घाई असते की बाईचं नाव लिहा, नाव लिहा. नाव कोण लिहितंय आणि कशासाठी, हेही बघावं लागतं. त्यावर पुढे येते.

आता मुक्तिसंग्रामाकडे. यावर मला जास्त बोलायचं आहे.

१७ सप्टेंबरला परभणीत राजगोपालाचारी उद्यानात झेंडावंदन होतं, हुतात्म्यांच्या स्तंभाला फुलं वाहतात. १९४८ साली पोलिस ॲक्शन झाली तेव्हा राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. जिल्ह्यातल्या लढ्याचं नाव काढलं की विनायकराव चारठाणकर, मुकुंदराव पेडगावकर ही नावं आपल्याला पाठ आहेत, आणि ती पाठ असावीत. १९८०-८१ च्या सुमारास बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधली गेली. २०२३ साली मुक्तिसंग्रामाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा भाषणं झाली, रंगरंगोटी झाली, नवे फलक लागले. बायांचा उल्लेख प्रत्येक भाषणात होता. 'माता-भगिनींनीही मोलाची साथ दिली.' एवढ्या एका वाक्यात सगळ्या बसवल्या.

साथ म्हणजे काय, ते बघू. निजामाच्या हद्दीतले कार्यकर्ते भूमिगत झाले की वऱ्हाडच्या, मध्य प्रांताच्या, मुंबई इलाख्याच्या हद्दीवर कॅम्प करून राहायचे. रात्री हद्द ओलांडून आत यायचे, करोडगिरीचे नाके जाळायचे, शिंदीची झाडं तोडायची, पहाटे परत जायचे. त्या दहा-वीस माणसांना रात्री अकरा वाजता भाकरी कोण करत होतं? चुलीचा धूर दिसू नये म्हणून काय करत होतं? निरोप दळणाच्या टोपलीतून कोण नेत होतं? रझाकार दारात आले तेव्हा 'घरी कुणी नाही' म्हणून दारात उभं कोण राहत होतं? आणि नवरा सहा-सहा महिने घरी नसताना पोटुशी राहिलेल्या बाईला गावाने काय काय ऐकवलं असेल?

नव्वदी ओलांडलेल्या एका आजींकडे मी तीनदा गेले. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "माय, त्येच्यात सांगण्यासारखं काय हाय? भाकरी तर रोजच करीत होतो." दुसऱ्यांदा गेले तेव्हा सांगितलं, की भाकरीचं पीठ संपलं तर शेजारी मागायची सोय नव्हती, एवढं पीठ कशाला असा संशय आला असता. म्हणून त्या रोज स्वतःच्या ताटातली अर्धी भाकर मागे ठेवायच्या. त्यांनी तो हिशेब मला बोटांवर करून दाखवला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी आपलं माहेरचं नाव सांगितलं. लग्नात बदललेलं. ते नाव घेणारं आता कुणी जिवंत नाही.

यांचं नाव कुठल्याच यादीत का नाही? कुणी मुद्दाम वगळलं असं नाही. याद्या कशा बनतात ते समजून घ्या. स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राची पेन्शन १९७२ पासून सुरू झाली, १९८० मध्ये ती वाढवली. पुरावा काय लागायचा? सहा महिने तुरुंगवासाचा दाखला. बायांना आणि दलित-आदिवासींना सवलत म्हणून तीन महिने. किंवा भूमिगत होता तर वॉरंट, फरारी जाहीर केल्याचा कागद. म्हणजे निजामाच्या पोलिसांनी ज्याचं नाव लिहिलं, त्याचं नाव स्वतंत्र भारताने लिहिलं. निजामाच्या फौजदाराने भाकरी करणाऱ्या बाईवर वॉरंट काढलं नाही, कारण त्याच्या लेखी ती कुणी नव्हतीच. त्याची ही नजर आपल्या सरकारने जशीच्या तशी उचलली. पुढे तीच यादी फलकावर गेली, पुस्तकात गेली, शाळेतल्या भाषणात गेली.

अपवाद आहेत. जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हत्यारं घेऊन लढ्यात उतरल्या. भूम तालुक्यातल्या ईट गावच्या गोदावरीबाई टेके रझाकारांशी लढताना गेल्या. या दोघी आपल्या मराठवाड्याच्या, त्यांची नावं प्रत्येक मुलीला माहीत पाहिजेत. पण बघा, बंदूक हातात घेतली तेव्हाच त्या मोजल्या गेल्या. पुरुषाचं काम केलं तर बाईला दगडावर जागा मिळते. बाईचं म्हणून जे काम तिच्यावर टाकलंय, ते तिने जीव धोक्यात घालून केलं, तर ती 'साथ' होते.

हे दुसरीकडे वेगळ्या तऱ्हेने हाताळलं गेलंय. याच निजाम संस्थानातल्या तेलंगणात, हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या मैत्रिणींनी सशस्त्र लढ्यातल्या बायांकडे जाऊन, टेपरेकॉर्डर ठेवून, त्यांच्याच शब्दांत त्यांचं म्हणणं १९८६ साली तेलुगूत छापलं. आपल्या मराठीत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गाठून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये काढलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा. या बायांनी वाट पाहिली असती, तर त्यातल्या बहुतेक आवाजांचं काहीच उरलं नसतं. आपल्याकडे तर आता बोटांवर मोजण्याइतक्याच आजी राहिल्या आहेत.

आता अवघड भाग. यावर आपल्यातच दोन मतं आहेत.

रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, बायांवर अत्याचार केले. ते खरं आहे, आणि ज्यांच्या घरात घडलं त्यांना ते विसरा म्हणायचा आपल्याला हक्क नाही. १७ सप्टेंबरनंतर जे घडलं तेही खरं आहे. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. १९४८ च्या अखेरीस ती संस्थानात हिंडली. तिचा अहवाल कित्येक दशकं दडपून ठेवला होता, आता तो वाचायला मिळतो. पोलिस ॲक्शनच्या काळात आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज आहे, बहुतेक सारी मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारच्या नांदेडचं नाव आहे, उस्मानाबाद, बीदर, गुलबर्ग्याचं आहे. बलात्कार आहेत, पळवून नेलेल्या बाया आहेत. समितीला ठिकठिकाणी प्रेतांनी भरलेल्या विहिरी दाखवल्या गेल्या. एका विहिरीत त्यांनी अकरा प्रेतं मोजली, त्यात एक बाई होती आणि तिच्या छातीला बिलगलेलं लेकरू.

त्या बाईसाठी कुठे दगड आहे? आणि रझाकारांच्या हातून विटंबना झालेल्या बाईसाठी तरी कुठे आहे? हुतात्मा म्हणजे मारला गेलेला. जी जिवंत राहिली आणि पुढे पन्नास वर्षं तोंड मिटून स्वयंपाक करत राहिली, तिच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. या हॉलमध्ये दोन्हीकडच्या नाती बसल्या आहेत. आपण बचत गटात शेजारी बसतो, रेशनच्या मोर्च्यात शेजारी चालतो, आणि १७ सप्टेंबरला एकीच्या घरी सण असतो, दुसरीच्या घरी दार लावून बसतात.

काही मैत्रिणी म्हणतात, हे उकरू नका, दंगल होईल, ज्यांना फायदा घ्यायचा ते घेतील. भीती खरी आहे. आजचे दिवस बघता फार खरी आहे. पण गप्प राहून ते विसरलं जात नाही, अर्धं अर्धं लक्षात राहतं. एका घरात रझाकार तेवढे आठवतात, दुसऱ्या घरात विहीर तेवढी. दोन्ही मिळून आठवलं तर निदान एवढं दिसेल, की दोन्ही वेळी पुरुषांनी हिशेब चुकता केला तो बायांच्या अंगावर. गधेगाळावरचा शाप आठवा.

आणि इथे ते रजिस्टरचं लक्षात घ्या. भाकरी करणाऱ्या आजींचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, हा माझा आग्रह आहे. पण जिच्यावर अत्याचार झाला तिचं नाव लिहिणं हे तिच्या बाजूचंच असेल असं नाही. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना सोडलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्यात पीडितेची ओळख छापायला बंदी आली, ती याच कारणासाठी. बाईला विचारायचं. ती हो म्हणाली तर, आणि ती म्हणेल तेवढंच. ती गेली असेल तर नाव नको, गाव आणि साल पुरे.

म्हणाल, एवढ्या कशाला मागे जायचं. बरं, १९७२ चा दुष्काळ तरी इथल्या कितीतरी जणींनी पाहिलाय. खडी कुणी फोडली, पाझर तलावाची माती कुणी वाहिली? लेकरू झाडाला बांधलेल्या झोळीत आणि डोक्यावर घमेलं. जायकवाडीची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी बसवली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. डावा कालवा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. दुष्काळी कामावर बायांची नावं मस्टरवर होती, अंगठ्यासकट. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, त्याच्या मागे त्या अंगठ्यांचा रेटा होता. मस्टरं वाळवीने खाल्ली. कोनशिला संगमरवराची असते, तिला वाळवी लागत नाही.

कोणी म्हणेल, दगडांनी काय होतं, माणसं जगली पाहिजेत. परभणीत तरी हे म्हणू नये. रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी त्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांतून धरपकड. बायांनाही घरात घुसून मारल्याच्या तक्रारी झाल्या. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायदा शिकणारा तरुण न्यायालयीन कोठडीत गेला. त्याच्या आईने कोर्टाची पायरी चढली. २०२५ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. ज्यांच्याजवळ सातबारा नाही, वाडा नाही, घराण्याचा इतिहास नाही, त्यांना तो पुतळा आणि ते पुस्तक म्हणजे या गावात आपलीही जागा आहे याचा एकमेव उघडा पुरावा असतो. तो ज्यांनी मोडला आणि ज्यांना तो मोडल्याचं लागलं, दोघांनाही दगडाची किंमत नीट कळलेली आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सेनेका फॉल्स नावाचं एक लहान गाव आहे. तिकडे लहान लहान गावांतही रस्त्याकडेला इतिहासाच्या लोखंडी पाट्या लावायची पद्धत आहे, कोणता सरदार इथे लढला, कोणतं घर किती जुनं वगैरे. या गावातल्या एका चर्चमध्ये १९ आणि २० जुलै १८४८ रोजी बायांच्या हक्कांची पहिली परिषद भरली. तीनशेच्या आसपास माणसं होती, शंभर जणांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या, ६८ बाया आणि ३२ पुरुष. पुढे त्या इमारतीचं नाटकगृह झालं, गॅरेज झालं, शेवटी तर तिथे कपडे धुवायची लाँड्री होती. बाईच्या मुक्तीची जागा आणि तिथे धुणं! १९०८ मध्ये बायांनी तिथे एक पाटी लावली होती, तिच्यामुळे जागा विसरली गेली नाही. १९८० मध्ये सरकारने ते राष्ट्रीय स्मारक केलं. आता तिथे भिंतीवर त्या शंभरही जणांची नावं आहेत, पुढारी चार आणि इतर, असं न करता. अर्थात त्या सभेत काळ्या माणसांपैकी एकट्या फ्रेडरिक डग्लस यांची नोंद आहे, काळ्या बायांची नाही. तिथल्या बाया आज तेही सांगतात, लपवत नाहीत. त्याच १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. तो वाडा पडायला आला, कोर्टकचेऱ्यांत अडकला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला.

आपल्या हातात किती आहे? वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि पंधरवड्यात सरकारने सगळ्या राज्यासाठी परिपत्रक काढलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचंच आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्तीच्या वेळी सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला माणसं कशी कुरकुरली, ते इथल्या काही जणींनी पाहिलंय. कागदावर नाव असणं म्हणजे काय, हे टाकलेल्या बाईइतकं कुणाला कळत नाही.

तेव्हा वाटणी अशी. गंगाखेड, पालम, सोनपेठच्या मैत्रिणींनी मुक्तिसंग्रामाच्या काळातल्या जितक्या आजी बोलू शकतात तितक्यांकडे दिवाळीच्या आत जायचं. एकदा जाऊन भागत नाही, तीनदा जा. सोबत सून किंवा मुलगा बसला तर त्या बोलत नाहीत, काहीतरी निमित्त काढून त्यांना उठवा. माहेरचं नाव विचारा, आईचं नाव विचारा. सेलू, मानवत, पाथरीच्या जणींनी १९७२ च्या कामावरच्या बाया गाठायच्या, कुठला तलाव, कुठला रस्ता, किती मजुरी मिळाली ते लिहायचं. जिनिंगमध्ये सरकी वेचणाऱ्याही त्यातच घ्या. जिंतूरच्या जणींनी सतीशिळांची यादी करायची. दगडाला हात लावायचा नाही, शेंदूर खरवडायचा नाही, फक्त नोंद. तिच्याशेजारी एक साधी पाटी लावता येईल का, की इथे एक बाई जाळली गेली, हे ग्रामसभेत विचारायचं. नकार आला तर नकाराचीही नोंद ठेवा, कोण काय म्हणालं त्यासह. परभणी आणि पूर्णेच्या जणींनी हुतात्मा स्मारकांच्या फलकांवरची नावं उतरवून घ्यायची आणि त्या घरांतून त्या काळच्या बायांची नावं विचारायची.

विहिरींचं काम मी कुणाला वाटून दिलेलं नाही. त्यासाठी वेगळं बसू, फार जणी नकोत, पण दोन्ही मोहल्ल्यांतल्या हव्यात. तारीख कागदावर लिहीत नाही, निरोप तोंडी येईल.